चा पीत न्हाई, ते!

कोल्हापुरात एखाद्याचा पत्ता विचारून बघा. नाव सांगा, आडनाव सांगा, कुठल्या खात्यातनं रिटायर झाले तेही सांगा. पानपट्टीवाला कपाळाला आठ्या घालतो. शेजारचा माणूस तोंडातला तंबाखूचा बार सांभाळत मान हलवतो. तिसरा विचारतो, "कुठल्या तालमीचं?" आपण शरण येऊन परत फिरायच्या बेतात असतो, तेवढ्यात चौथ्याच्या डोक्यात उजेड पडतो. "आरं, ते चा पीत न्हाई न्हवं का, ते!"

"त्ये व्हय! मग आदी सांगायचं न्हाई का! ही तिसरी गल्ली, निळं दार."

आता त्या गृहस्थांनी आयुष्यात काय कमी केलेलं असतं? तीसेक वर्षं इमानेइतबारे नोकरी केली, कर्ज काढून घर बांधलं, दोन पोरींची लग्नं लावून दिली, गल्लीच्या गणपतीची वर्गणी कधी थकवली नाही. पण गल्लीच्या दप्तरात यातलं काहीच नाही. तिथं नोंद आहे ती न प्यायलेल्या कपाची. उद्या या माणसानं हिमालय सर केला तरी लोक म्हणणार, "चा पीत न्हाई, ते चढलं बघ डोंगर."

शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की 'जो चहा पीत नाही, तो' हे विशेषणवाक्य. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांचं शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ साली आलं. हा जो-तो त्या थोरामोठ्यांच्या पुस्तकात बरा असतो. शिवाजी पेठेत कुणी 'जो' म्हणून तोंड उघडलं तर लोक टाळ शोधायला लागतील. पेठेची रचना वेगळी. आधी दोष सांगायचा, मग 'न्हवं का' म्हणून समोरच्याची साक्ष काढायची आणि सगळ्यात शेवटी, उरलाच तर, माणूस.

इंग्रजीत तसं नाही. गल्लोगल्ली जे स्पोकन इंग्लिशचे क्लास आहेत, तिथं 'द मॅन हू डझंट ड्रिंक टी' असं घोकून घेतात. त्यात आधी माणूस येतो, सभ्यपणे उभा राहतो, मग 'हू' म्हणून कुणीतरी त्याच्याकडं बोट दाखवतं, आणि त्यानंतर त्याची उणीव बाहेर पडते. साहेबाचं सगळंच रीतसर. आपल्याकडं उणीव पुढं धावत येते आणि माणूस मागनं 'ते' एवढ्या एका अक्षरात. तेही नपुंसकलिंगात. अर्थात यात अपमान काही नाही. कोल्हापुरात लिंगाचा कारभार मुळातच सैल. इथली बाई "मी येतो" म्हणते आणि दीडशे किलोचा पैलवानही "लई गुणाचं हाय ते" असतो.

मला यातली गंमत वाटते ती वेगळीच. जगातला प्रत्येक माणूस अगणित गोष्टी करत नाही. आमच्या गल्लीत एकही जण हत्ती पाळत नाही, कुणी व्हायोलिन वाजवत नाही, ग्रीक भाषा येणारा माणूस तर औषधालाही सापडायचा नाही. पण "हत्ती पाळत न्हाई न्हवं का, ते" असं कुणी कुणाला ओळखत नाही. 'न' लागतो तो फक्त गावानं जी गोष्ट गृहीत धरलेली असते, तिला. म्हणजे एखाद्या गावातले असले सगळे 'न' गोळा केले, तर त्या गावाची न लिहिलेली घटनाच हाती लागेल.

कोल्हापूरची करून बघा. "फुटबॉल बघत न्हाई, ते" ही ओळख शिवाजी पेठेपासून मंगळवार पेठेपर्यंत चालते. ज्या गावात पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम ही फुटबॉलच्या संघांची नावं आहेत, तालमीतल्या तांबड्या मातीतनं पोरं शाहू स्टेडियमच्या हिरवळीवर उतरतात, तिथं फायनलच्या दुपारी घरात झोपणारा माणूस लपून राहत नाही. "खासबागेत पाऊल ठिवलं न्हाई, ते" ही जुन्या लोकांची शिवी. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान बांधून १९१२ साली कुस्त्यांना खुलं केलं, कुठंही बसलं तरी कुस्ती दिसावी अशी उतरती बैठक केली, आणि तू तिथं गेला नाहीस? गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रात्री म्हशीखालचं फेसाळ दूध उभ्या उभ्या न प्यायलेला माणूस असेल, तर त्याला जन्मानं कोल्हापूरकर म्हणायचं, कर्मानं नाही.

उलट कोल्हापुरी चपलेचं बघा. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, परदेशातले फॅशनवाले तिच्यावर लट्टू. पण "कोल्हापुरी घालत न्हाई, ते" म्हणून कोल्हापुरात कुणालाही शोधता येत नाही. अर्धं गाव निघेल. बूट घालून फिरणारी पोरं सगळीकडं. तीच गत हेल्मेटची. "हेल्मेट घालत न्हाई, ते" म्हटलं तर पोलीससुद्धा हसतील. तिथं ओळख उलटी पटते. "हेल्मेट घालतंय न्हवं का, ते" म्हटलं की क्षणात घर सापडतं, कारण तसा माणूस गल्लीत एकच असतो आणि तो पुण्यात राहून आलेला असतो.

पण सगळ्यात अवघड जागा चहाचीच. न पिणारा माणूस पाहुणा म्हणून आला की घरात काय होतं ते एकदा जवळून बघा.

"चहा टाकते," काकू म्हणतात.

"नको काकू, मी चहा घेत नाही."

"सोडलासा?"

"नाही, कधीच घेत नाही."

काकूंचा हात पदराकडं जातो. ही बातमी पचवायला वेळ लागतो. "कॉफी करू?" नको. "दूध?" नको. "मग सरबत तरी. घरातलंच लिंबू हाय." खरंच नको काकू, आत्ताच जेवून आलोय. आता काकू आत तोंड करून हाक मारतात, "आवो, भाईर या जरा. पावनं काईच घीनात." काका अंगावर टॉवेल टाकून बाहेर येतात, पाहुण्याला वरनं खालपर्यंत न्याहाळतात आणि बायकोला हळूच विचारतात, "सुतक हाय काय त्येंच्यात?" शेवटी तडजोड निघते ती अर्ध्या कपावर. कोल्हापुरात नकारानं कप लहान होतो, रद्द होत नाही. तो अर्धा कप तसाच निवत ठेवून पाहुणा गेला की त्याचं नामकरण झालंच म्हणून समजा.

हे हसण्यावारी नेता येतं, पण याच गावात चहा न पिणं हा एकेकाळी फार गंभीर मामला होता. महार समाजातले गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी फोडून काढलं. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला पाठबळ दिलं आणि भाऊसिंगजी रोडवर गंगारामांनी चहाचं हॉटेल टाकलं. हॉटेल चकचकीत, चहा उत्तम, गिऱ्हाईक शून्य. अख्खं शहर एका रात्रीत चहा न पिणारं झालं. मग महाराज गाडीतनं तिथं थांबायला लागले, गंगारामांच्या हातचा चहा मागवून घ्यायला लागले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायला लागले. सही-शिक्क्यासाठी मागं लागणाऱ्यांना महाराज आधी गंगारामाकडं चहा घेऊन या म्हणायचे, असंही सांगतात. त्या काळात कुणाला "चा पीत न्हाई, ते" म्हटलं असतं तर लगेच पुढचा प्रश्न आला असता, कुणाच्या हातचा? महाराज १९२२ साली गेले आणि त्यांचं स्मारक उभारण्यात पुढाकार घेतला तो याच गंगाराम कांबळ्यांनी. चहा न पिणाऱ्यांपैकी कुणाचं नाव आज कुणाला सांगता यायचं नाही.

चहानंतर तिखट. त्यावर फार लिहायला नको, कारण तिखट न खाणारा माणूस कोल्हापुरात फार वेळ टिकत नाही. मटण न खाणारा टिकतो, पण त्याला कारण द्यावं लागतं. गळ्यात तुळशीची माळ दिसली की विषय संपला. माळकऱ्याला इथं मान आहे, त्याच्यासाठी आख्खा मसूर वेगळ्या पातेल्यात शिजतो. माळ नसेल तर मात्र चौकशी लागते. सोमवार हाय? शनिवार? नवस? डॉक्टरनी सांगितलंय? "आवडत नाही" हे कारण ग्राह्य धरलं जात नाही. २०१९ च्या अखेरीस मटणाचा दर वाढला तेव्हा या गावानं कृती समिती काढली, बैठका घेतल्या, मोर्चाची भाषा केली, काही दिवस मटणाची दुकानंही बंद राहिली. कांद्याचे दर वाढल्यावर माणसं हळहळतात, मटणाचा दर वाढल्यावर निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीत जातात. अशा शहरात आवडत नाही म्हणजे काय?

मला वाटतं, हे सगळं शाळेपासून सुरू होतं. मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असायचा. 'अर्थ न बदलता वाक्य नकारार्थी करा.' राजू हुशार आहे. उत्तर, राजू ढ नाही. शंकर प्रामाणिक आहे. उत्तर, शंकर अप्रामाणिक नाही. दोन्हींना पूर्ण मार्क. आता खरं सांगा, शंकर प्रामाणिक आहे म्हटल्यावर तुम्ही त्याला घरात घ्याल. शंकर अप्रामाणिक नाही म्हटल्यावर तुमचा हात आपोआप पाकिटाकडं जाईल. अर्थ न बदलता म्हणे! लहानपणी गिरवलेलं हे वळण पुढं जन्मभर सुटत नाही. पहिल्यांदाच भेटलेल्या जावयाबद्दल सासऱ्याला विचारा. "वाईट न्हाई." नव्या पिक्चरबद्दल विचारा. "वाईट न्हाई." कोल्हापुरात कौतुकाचा हा कडेलोट समजावा. याच्या वर फक्त 'नाद खुळा' आहे आणि तो रोज रोज वापरायचा नसतो.

या नकाराचं खरं माहेर म्हणजे लग्नाचा बाजार. वधूवर सूचक मंडळाची वही चाळा. मुलाच्या नावापुढं शिक्षण, पगार, जमीन, स्वतःचं घर एवढं झालं की शेवटी ठळक अक्षरात 'निर्व्यसनी'. बायोडाटातला एवढा एकच शब्द मुलीचा बाप दोनदा वाचतो आणि मग फोन लावतो, तो मध्यस्थाला. मध्यस्थ म्हणजे बहुतेक कुणाचे तरी मामा. मामांची भाषा ऐकण्यासारखी असते.

"पोरगं कसं हाय?"

"सुपारीच्या खांडाचं व्यसन न्हाई."

हे वाक्य ऐकलं की अनुभवी बाप सावध होतो. सुपारीचं नाही, बरं. मग कशाचं आहे? मामांना खोलात नेलं की नकाराच्या पायऱ्या उलगडत जातात. दारू पीत नाही. म्हणजे रोज पीत नाही. म्हणजे घरात पीत नाही. म्हणजे पिऊन गाडी चालवत नाही. म्हणजे पिऊन कुणाला उलट बोलत नाही, गप झोपतं बिचारं. प्रत्येक पायरीवर 'नाही' आहे, मामा एकदाही खोटं बोललेले नाहीत, आणि बाप मात्र थेट बारच्या दारात येऊन उभा राहिलेला असतो.

आणखी एक जात आहे. "पोरगं कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई." मुलाबद्दल दुसरं काहीच सांगता येण्यासारखं नसलं की हे वाक्य वापरतात. घरातनं कामाला आणि कामावरनं घरात. मित्र नाहीत, तालीम नाही, मंडळ नाही. मामांना हे गुण वाटतात, पोरीला धडकी भरते. अध्यात ना मध्यात असलेल्या माणसाशी रोज संध्याकाळी बोलायचं तरी काय, हा प्रश्न बघायच्या कार्यक्रमात कुणी विचारत नाही.

मुलीची पाळी आली की मात्र या व्याकरणाचा काटा भलतीकडं फिरतो. लग्नाच्या वहीबाहेर पुरुषाला 'न' लागतो तो बहुतेक तक्रार म्हणून. काम न करणारा, वेळेवर न येणारा, घेतलेले पैसे परत न देणारा, फोन न उचलणारा. बाईला तोच 'न' लागतो तो स्तुती म्हणून. उलटं न बोलणारी. मान वर न करणारी. घरातलं बाहेर न सांगणारी. शेजाऱ्यापाजाऱ्याला आवाज न कळू देणारी. माहेरचं नाव न काढणारी. पुरुषानं एखादी गोष्ट केली नाही की तो वाया गेलेला, बाईनं केली नाही की ती गुणाची. या हिशेबानं सगळ्यात उत्तम सून म्हणजे जी काहीच करत नाही ती. पण तसं म्हणायला जावं तर पहाटे पाचला उठून सगळ्या घराचं सगळं तीच करत असते. त्यातल्या एकाही कामाला वाक्यात जागा मिळत नाही.

असली सून शोधायला जी मंडळी गाडी काढून निघतात, ती पुणे-बंगळूर हायवेवरनं शहरात शिरताना कावळा नाक्यावरनं जातात. तिथं चौकात महाराणी ताराराणी घोड्यावर बसलेल्या आहेत. घोड्याचे पुढचे पाय हवेत. राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेल्या, कोल्हापूरची गादी उभी करणाऱ्या बाई. गाडीतली मंडळी काच खाली करून भक्तिभावानं हात जोडतात, काच वर घेतात आणि आत्याबाई पुढचं वाक्य पूर्ण करतात, "म्हंजे कसं, मान वर करून बोलणारी नगं बाई."

एवढा सगळा नकार तोंडात बाळगणारा कोल्हापूरकर समोरासमोर मात्र कुणाला नाही म्हणू शकत नाही. ही याची दुसरी बाजू. कुणाच्या पाठीमागं "ते ऐकत न्हाई, ते येत न्हाई, ते देत न्हाई" असं दिवसभर चालतं. पण त्याच माणसाला उद्या उसने पैसे मागा, गावाला चला म्हणा, मंडळाचं अध्यक्षपद घ्या म्हणा. उत्तर येईल, "बगूया की." किंवा "चालतंय की." किंवा "येतो की, त्यात काय." या तिन्हींचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच असतो, पण 'नाही' हा शब्द काही ओठावर येत नाही. बाहेरगावचा माणूस बिचारा या 'की' वर विसंबून स्टँडवर वाट बघत बसतो. आणि मग तोही दुसऱ्या दिवशी शिकतो, "येतो म्हंतंय आणि येत न्हाई न्हवं का, ते!"

फक्त सरकार समोर असलं की जीभ सैल सुटते. गेल्या दशकात शहराच्या वेशीवर टोलनाके बसले, तेव्हा हे अख्खं गाव एका नकारावर उभं राहिलं. 'देणार नाही, देणार नाही, टोल आम्ही देणार नाही.' ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील रस्त्यावर, गोविंद पानसरे रस्त्यावर, तालमी रस्त्यावर, आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका मांडवात. रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांची एकच ओळख झाली, टोल न देणारे. अखेर सरकारला टोल रद्द करावा लागला. चार-पाच वर्षं एका क्रियापदापुढं 'न' लावून बसण्याची चिकाटी या मातीत आहे. ती हिमतीची म्हणावी की हट्टाची, यावर मात्र गावातसुद्धा एकमत नाही.

राज्यकारभाराच्या कागदावरही हा 'न' पूर्वीपासून आहे. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. आता मागासलेले म्हणजे कोण, हे सांगायला पाहिजे. शेकडो जातींची यादी करत बसण्यापेक्षा हुकमात सरळ लिहिलं की ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सगळे. कोण आहेत ते सांगायचं तर कोण नाहीत ते सांगायचं. बहुसंख्य प्रजेची ही व्याख्या 'जे हे नाहीत ते' अशी झाली, आणि पुढं त्याच धाटणीचं नाव घेऊन ब्राह्मणेतर चळवळ उभी राहिली. नंतर १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हाही महाराजांचा रोख एका 'न' वरच होता. पोरांना शाळेत न पाठवणारे आईबाप. त्यांना महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया म्हणजे चेष्टा नव्हे. कोल्हापूरच्या इतिहासात एखाद्या 'न' ची किंमत अशी रोख ठरवून वसूल करण्याचा प्रकार दुसरा झाला नसावा. आत्ताच्या पालकांना उलट दंड करावा लागेल, पोराला क्लासमधून न काढणारे म्हणून.

जिवंतपणी माणसाला एक-दोनच 'न' मिळतात. मेल्यावर मात्र त्याला नुसत्या नकारांनी मढवतात. चौकातला डिजिटल फलक आणि शोकसभा यांच्यातला फरक बघण्यासारखा आहे. वाढदिवसाच्या फलकावर एकही 'न' नसतो. कार्यसम्राट, आधारवड, धडाडीचे, लाडके, भावी. सगळं होकारार्थी, सगळं गॉगल लावून. तोच माणूस गेला की शोकसभेत त्यानं केलेलं एकही काम कुणाला आठवत नाही. "भाऊंनी कधी कुणाला दुखावलं नाही." "भाऊंनी कधी कुणाकडं हात पसरला नाही." "भाऊ कधी कुणावर चिडलेले आम्ही पाहिले नाहीत." समोर बसलेला भाऊंचा धाकटा मुलगा हे शेवटचं वाक्य ऐकून गाल चोळतो. आणि सगळ्यात शेवटी जिल्ह्याचे नेते उठतात आणि भाऊंना 'अजातशत्रू' म्हणून टाकतात. ज्याचा शत्रू जन्मलाच नाही असा. ज्या जिल्ह्यात दूध संघाची निवडणूक लागली की सख्खे भाऊ दोन पॅनेलमध्ये उभे राहतात, साखर कारखान्याच्या मतदानापायी घरात सोयरीक मोडते, त्या जिल्ह्यात प्रत्येक मयत माणूस अजातशत्रू निघतो. मग एवढी वर्षं भांडत होतं कोण?

गेल्या खेपेला अशाच एका शोकसभेत मागच्या रांगेतले आजोबा सगळी भाषणं ऐकून घेऊन शेजाऱ्याला म्हणाले, "माणूस चांगला व्हता. कुणाचं काई करत न्हवता." यात स्तुती किती आणि तक्रार किती, हे मला अजून सांगता यायचं नाही. शेजाऱ्यानं मात्र समजल्यासारखी मान डोलावली.

तेव्हा कोल्हापूरला यायचा बेत असेल, तर काय करायचं नाही ते घरातनंच ठरवून या. एकच ठरवा. दोन-तीन नकार एकदम आणले तर लोकांचा गोंधळ उडतो आणि पत्ता सापडत नाही. चहाचा नकार टिकणार नाही, तो अर्ध्या कपावर येणारच. मटणाचा नकार करायचा असेल तर माळ घालूनच या. आणि मिसळीला गेलात तर "तिखट चालत नाही" हे कट ओतायच्या आधी सांगा. नंतर सांगितलंत तर ब्रेड जादा मिळेल, कट परत जायचा नाही.